एक्सफॉइल: बाउंडरी लेयरची जाडी खरंच समजून घ्यायची असेल तर हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या

हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी ज्यांना इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स आहे किंवा होऊन गेलंय, ज्यांनी बाउंडरी लेयरच्या, म्हणजे पृष्ठभागाला लागून मंदावलेल्या हवेच्या थराच्या, तिन्ही जाड्यांच्या व्याख्या पाठ केल्यात, इंटिग्रल पण सोडवता येतं, पेपरात मार्क पण मिळतात, आणि तरी व्हायवाला कोणी विचारलं की बरं, मग तीन तीन जाड्या कशाला, एकीनं भागत नाही का, तर गाडी अडते. मी फ्लुइड्स शिकवते आणि कॉलेजच्या एरोमॉडेलिंगच्या पोरांना विंगच्या डिझाइनमध्ये मदत करते, त्यामुळे ही अडलेली गाडी दर सेमिस्टरला बघते. पोरं हुशार असतात, दोष त्यांचा नाही, आपल्याकडे तो चॅप्टर सपाट पट्टीपासून सुरू होतो आणि सपाट पट्टीवरच संपतो, आणि सपाट पट्टीवर तिन्ही जाड्या एकाच साच्यातल्या दिसतात, आकडा तेवढा वेगळा.

तर एक्सफॉइल. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेलं, फॉरट्रानमधलं, विमानाच्या पंखाच्या छेदाभोवती म्हणजे एअरफॉइलभोवती हवा कशी वाहते ते काढणारं सॉफ्टवेअर. जीपीएल लायसन्स, म्हणजे पूर्ण फुकट आणि सोर्स कोड पण उघडा. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. साइज इतकी छोटी की पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल, आणि जुन्यात जुन्या लॅपटॉपवर सुद्धा एका अँगलचं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत काढून देतं. लोक ते लिफ्ट (पंख वर उचलणारं बल) आणि ड्रॅग (मागे ओढणारं बल) काढायला वापरतात आणि तसंच वापरून सोडून देतात, पण माझं म्हणणं आहे की लिफ्ट ड्रॅग बाजूला ठेवा, बाउंडरी लेयरची जाडी शिकायला याच्याइतकं चांगलं साधन मला तरी दुसरं माहीत नाही. आणि त्याचं कारण जरा मजेशीर आहे, पुस्तकात जी जाडी पहिल्या पानावर असते, तीच हे सॉफ्टवेअर तुम्हाला दाखवत नाही.

म्हणजे बघा, पुस्तकात पहिली व्याख्या येते ती डेल्टाची. भिंतीला चिकटलेली हवा थांबलेली, लांबची हवा पूर्ण वेगाने चाललेली, मधे वेग वाढत जातो, तर जिथे वेग बाहेरच्या वेगाच्या ९९ टक्के झाला तिथपर्यंतचं अंतर म्हणजे डेल्टा. ऐकायला सोपं. पण ९९च का? ९५ का नाही, ९९.९ का नाही? कोणीतरी ठरवलं म्हणून, याच्या पलीकडे खरंच उत्तर नाही, कारण तो वेग हळूहळू बाहेरच्या वेगात मिसळत जातो, तिथे कुठे रेघ मारलेली नसते. पट्टीवर निदान बाहेरचा वेग एकच असतो. पंखावर आलात की पंचाईत, कारण तिथे लेयरच्या बाहेर सुद्धा पृष्ठभागापासून जसं लांब जाल तसा वेग बदलतच असतो, मग ९९ टक्के ते कशाचे? सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं पूर्ण सिम्युलेशन, केलेल्या कोणालाही विचारा, पंखावर डेल्टा काढायला गेलं की शेवटी काहीतरी मनाने ठरवावं लागतं.

एक्सफॉइल त्या भानगडीत पडतच नाही. ते दोनच जाड्या घेऊन सगळं गणित करतं, डिस्प्लेसमेंट थिकनेस म्हणजे डेल्टा-स्टार, आणि मोमेंटम थिकनेस म्हणजे थीटा. आणि या दोन जाड्यांच्या मागे प्रत्येकी एक काम आहे. भिंतीजवळची हवा मंदावली म्हणून जेवढा प्रवाह कमी पडला, तेवढा प्रवाह पूर्ण वेगाने न्यायला जेवढी उंची लागली असती ती डेल्टा-स्टार, म्हणजेच बाहेरच्या हवेला भिंत तेवढी फुगल्यासारखी वाटते. आणि थीटा म्हणजे तसाच हिशोब संवेगाचा, हवेचा किती संवेग त्या पृष्ठभागानं खाऊन टाकला, म्हणजे सरळ सरळ ड्रॅग. सपाट पट्टीच्या एका बाजूचा, एक मीटर रुंदीवरचा ड्रॅग हवा असेल तर घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले पट्टीच्या शेवटच्या टोकाची थीटा, संपलं, दुसरं काही लागत नाही. हे समीकरण एवढं छोटं आहे आणि तरी वर्गात कोणाच्या लक्षात राहत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक हातानं करायचा हिशोब सांगते, तो वहीत करून मगच पुढे जा, कारण त्याच्याशिवाय स्क्रीनवरच्या रेघा नुसत्या रेघाच राहतील. आपल्या एरोमॉडेलची विंग धरा, कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी) २० सेंटीमीटर, वेग १५ मीटर प्रति सेकंद. हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) १.५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात घेतली तर रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले कॉर्ड भागिले ही व्हिस्कॉसिटी) बरोबर २ लाख येतो. विंगच्या जागी २० सेंटीमीटरची सपाट पट्टी समजा. लेयर लॅमिनार, म्हणजे शांतपणे थराथरानं वाहणारी, असेल तर ब्लासियसचं सपाट पट्टीचं उत्तर लावा, म्हणजे लांबी भागिले रेनॉल्ड्सचं वर्गमूळ, आणि त्याला डेल्टासाठी ५, डेल्टा-स्टारसाठी १.७२१ आणि थीटासाठी ०.६६४ ने गुणा. शेवटच्या टोकाला डेल्टा येते २.२४ मिलिमीटर, डेल्टा-स्टार ०.७७ मिलिमीटर, थीटा ०.३० मिलिमीटर. आता त्याच पट्टीच्या पुढच्या कडेला खरखरीत टेप लावून लेयर सुरुवातीपासूनच टर्ब्युलंट, म्हणजे घुसळत वाहणारी, केली असं धरा आणि ते नेहमीचं एक सप्तमांश घाताचं प्रोफाइल (भिंतीपासून वेग कसा वाढत जातो तो आकार) घ्या (२ लाख म्हणजे या सूत्रासाठी जरा खालचाच आकडा आहे पण अंदाजाला चालतं). डेल्टा येते ६.४ मिलिमीटर, डेल्टा-स्टार ०.८ मिलिमीटर, थीटा ०.६३ मिलिमीटर.

हे आकडे नीट बघा. डेल्टा जवळजवळ तिप्पट झाली. डेल्टा-स्टार जवळपास हललीच नाही. थीटा दुप्पट झाली, म्हणजे ड्रॅग दुप्पट. एकच पट्टी, एकच वेग, आणि लेयर जाड झाली का या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही बरोबर! म्हणून तीन जाड्या. टर्ब्युलंट लेयरमध्ये बाहेरची वेगवान हवा घुसळून भिंतीजवळ येते, त्यामुळे थर पसरतो लांबवर पण भिंतीजवळचा वेग वाढतो, म्हणून प्रवाहाची तूट फार वाढत नाही, पण भिंतीला घासणं वाढतं म्हणून संवेगाचं नुकसान मात्र वाढतं. लॅमिनारच्या आकड्यावरून दोन्ही बाजूंचा मिळून ड्रॅग काढला तर एक मीटर रुंद पट्टीवर ०.१६ न्यूटन येतो, म्हणजे साधारण १६ ग्रॅम वजनाइतका. टेप लावली की ३४ ग्रॅमच्या आसपास.

हे झालं की मग सॉफ्टवेअर उघडा. उघडल्यावर दचकू नका, काळी खिडकी आणि एक प्रॉम्प्ट, बटणं नाहीत, क्लिक करायचा मेनू नाही, माऊसचं काम जवळजवळ नाही. कमांड टाईप करायची. प्रश्नचिन्ह टाईप केलं की त्या लेव्हलच्या सगळ्या कमांड दिसतात, नुसतं एंटर मारलं की एक लेव्हल वर येता, एवढं कळलं की अर्धं काम झालं. नाका ००१२ (NACA 0012, एक प्रमाणित एअरफॉइल) असं टाकलं की एअरफॉइल आपोआप तयार, फाईल शोधत बसायला नको. मग ओपर या कमांडच्या मेनूत जायचं, व्हिस्क टाकून रेनॉल्ड्स २ लाख द्यायचा, अल्फा ४ (हवेच्या दिशेशी पंखाचा अँगल, डिग्रीत) टाकायचं, झालं, ग्राफ समोर.

तो पहिलाच ग्राफ मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. वर प्रेशरचा ग्राफ असतो, त्यात एक तुटक रेघ असते ती हवेला व्हिस्कॉसिटीच नाही असं धरून, आणि सलग रेघ म्हणजे बाउंडरी लेयर धरून. खाली एअरफॉइलचं चित्र, आणि त्या चित्राभोवती अजून एक बारीक रेघ, जी पुढच्या बाजूला पृष्ठभागाला अगदी चिकटून असते आणि मागे जाता जाता सुटत जाते आणि मागच्या टोकानंतर सुद्धा वेकमध्ये, म्हणजे पंखामागे उरलेल्या मंद हवेच्या पट्ट्यात, पुढे चालू राहते. ती रेघ म्हणजे डेल्टा-स्टार. हवेला जो पंख दिसतो तो तुम्ही बनवलेला नाही, ती बारीक रेघ दिसते. आता अल्फा ६, ८, १० असं वाढवत जा आणि वरच्या बाजूला मागच्या टोकाजवळ ती रेघ कशी फुगते बघा, आणि त्याच वेळी वर तुटक आणि सलग रेघेतलं अंतर कसं वाढतं ते बघा. पंखाचा मागचा भाग वरून जाड झाल्यासारखा झाला, म्हणजे त्याचा कॅम्बर (बाक) कमी झाला, म्हणून लिफ्ट थिअरीपेक्षा कमी. जाडीनं काय फरक पडतो याचं याहून स्पष्ट उत्तर फळ्यावर काढता येत नाही, मी खूप प्रयत्न केलाय.

मग व्हीप्लो नावाच्या मेनूत जा. इथे खरा खजिना आहे आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. डीटी टाकलं की वरच्या पृष्ठभागाची डेल्टा-स्टार आणि थीटा एकाच ग्राफवर, डीबी टाकलं की खालच्या पृष्ठभागाची. एच टाकलं की दोघींचा भागाकार म्हणजे शेप फॅक्टर. सीएफ म्हणजे घर्षण. एन म्हणजे लॅमिनार लेयरमधल्या लहरी किती वाढल्या त्याचा हिशोब, ज्यावरून ट्रान्झिशन, म्हणजे लॅमिनारचं टर्ब्युलंट होणं, कुठे होणार ते ठरतं.

डीटीचा ग्राफ बघताना सगळ्यात पहिल्यांदा डावं टोक बघा. पट्टीच्या सूत्रात पुढच्या कडेला जाडी शून्य असते, सगळ्या पुस्तकातल्या आकृतीत लेयर टोकातून उगवताना दाखवतात. पंखाचं नाक गोल असतं, तिथे हवा येऊन आपटते आणि दोन्हीकडे वाटली जाते, आणि त्या बिंदूवर लेयरची जाडी शून्य नसते, बारीक पण ठरावीक असते. हे बाउंडरी लेयरची कल्पना मांडणाऱ्या प्रांटलचाच विद्यार्थी हिमेन्झ यानं १९११ मध्ये दाखवलं. ग्राफ मोठा करून बघितलात तर तिथे रेघ शून्यावरून सुरू होत नाही हे दिसतं, आणि पोरांना हे दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो की सर्वात पुढे हवा अजून घासलीच नाही तर जाडी आली कुठून. प्रश्न फार चांगला आहे. भिंतीवर व्हिस्कॉसिटी लेयर पसरवायला बघते आणि बाजूला पळणारी हवा तिला पातळ करायला बघते, दोघांचा तोल जिथे साधतो ती जाडी. आणि हाच तोल पुढे पण चालू असतो, जिथे प्रवाह वेग घेत असतो तिथे लेयर हळू वाढते, आणि प्रेशर चढायला लागलं, हवा मंदावायला लागली की डेल्टा-स्टार भराभर वाढते. म्हणजे जाडी ही नुसती लांबीवर अवलंबून नाही, आधी वाटेत काय काय झालं त्यावर आहे. सपाट पट्टीवर हे कधीच कळणार नाही.

आता ती जागा, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. ट्रान्झिशन. एचचा ग्राफ काढा. लॅमिनार भागात एच २.६ च्या आसपास, प्रेशर चढायला लागलं की वाढत जातो, आणि मग एका ठिकाणी धाडकन खाली येतो दीड-पावणेदोनच्या जवळ. तीच जागा डीटीच्या ग्राफवर शोधा. थीटा तिथे पण वाढतच असते, संवेगाचं नुकसान काही परत मिळत नाही, पण डेल्टा-स्टार? खाली उतरते. लेयर टर्ब्युलंट होताना त्या फुगलेल्या पृष्ठभागाची फुगी कमी होते. आणि ९९ टक्केवाली डेल्टा त्याच ठिकाणी झपाट्यानं वाढत असते. म्हणजे वहीतल्या हिशोबात जे दोन वेगळ्या पट्ट्यांवर दिसलं ते इथे एकाच पंखावर, काही मिलिमीटरच्या अंतरात घडताना दिसतं. ट्रान्झिशनला लेयर जाड होते असं सरसकट लिहिणाऱ्या नोट्स फिरत असतात, त्या वाचलेल्या प्रत्येकानं हा ग्राफ एकदा बघावाच.

रेनॉल्ड्स २ लाखाला अजून एक गोष्ट सापडेल, ती म्हणजे लॅमिनार सेपरेशन बबल. वरच्या पृष्ठभागावर प्रेशर चढताना लॅमिनार लेयर भिंतीपासून सुटते, हवेत ट्रान्झिशन होतं, आणि टर्ब्युलंट होऊन परत येऊन चिकटते. ग्राफवर तिथे सीएफ शून्याच्या खाली जातो म्हणजे भिंतीजवळ हवा उलटी वाहतेय, एच खूप वर जातो, प्रेशरची सलग रेघ थोडी सपाट होते आणि मग एकदम खाली येते (ग्राफचा अक्ष उलटा आहे, रेघ खाली म्हणजे प्रेशर चढलं). आणि जाड्या बघा, बबलच्या पहिल्या भागात डेल्टा-स्टार फुगत जाते पण थीटा जवळपास तशीच राहते, कारण भिंतीला घासणं जवळजवळ बंद झालेलं असतं. मग ट्रान्झिशन झालं की डेल्टा-स्टार खाली आणि थीटानं उडी मारलेली. ती थीटाची उडी म्हणजेच बबलचा ड्रॅग. आपल्या एरोमॉडेलवाल्यांची सगळी दुखणी या एका उडीत आहेत. आता व्हीपार या मेनूत जाऊन एक्सटीआर कमांडनं वरच्या बाजूला बबलच्या थोडं आधी जबरदस्तीनं ट्रान्झिशन लावा, म्हणजे खऱ्या विंगवर झिगझॅग टेप लावल्यासारखं, आणि परत चालवा. कधी ड्रॅग कमी होतो, कधी वाढतो, टेप कुठे लावली आणि अँगल किती त्यावर. टेप लावावी की नाही यावर आमच्या पोरांची दरवर्षी भांडणं व्हायची, आता ती भांडणं थीटाच्या ग्राफवर होतात आणि लवकर मिटतात.

रेनॉल्ड्स बदलून बघायचा प्रयोग पण जरूर करा. १ लाखावरून ४ लाख केला तर जिथे लॅमिनार आहे तिथे जाडी निम्मी होते, वर्गमूळ असल्यामुळे. टर्ब्युलंट भागात पाचवं मूळ आहे त्यामुळे चौपट करून सुद्धा जाडी साधारण पावपटच कमी होते. हे सूत्रात दिसतंच पण ग्राफवर दोन्ही भाग एकाशेजारी एक दिसले की डोक्यातून जात नाही.

एक धोका सांगून ठेवते, इथल्या सगळ्या जाड्या कॉर्डच्या भागात असतात. ०.००३८५ असा आकडा आला तर तो मिलिमीटर नाही, २०० मिलिमीटर कॉर्डनं गुणायचं, मग ०.७७ मिलिमीटर. याच्यामुळे रिपोर्टमध्ये केसापेक्षा बारीक लेयर लिहून आलेली पाहिली आहे.

आणि कोणाला काही करून ती पुस्तकातली डेल्टाच हवी असेल, म्हणजे असाइनमेंटमध्ये मागितलीय वगैरे, तर त्याची पण सोय आहे. या सॉफ्टवेअरच्या आतच एक सूत्र वापरलेलं आहे, एच मधून एक वजा करा, १.७२ ला त्यानं भागा, ३.१५ मिळवा, थीटानं गुणा आणि वर डेल्टा-स्टार मिळवा. टर्ब्युलंट पट्टीच्या वरच्या आकड्यांवर लावून बघा, थीटाच्या साधारण साडेदहा पट येते, आणि एक सप्तमांश प्रोफाइलवरून सरळ काढली तर १०.३ पट, म्हणजे फारच जवळ. लॅमिनारला थोडी कमी येते, ब्लासियसचं ९९ टक्क्याचं नेमकं उत्तर ४.९ असताना हे साडेचार देतं, पण एवढं चालून जातं.

आता जे आवडलं नाही ते. मॅन्युअल एक साधी टेक्स्ट फाईल आहे आणि ती ज्याला विषय आधीच येतो त्याच्यासाठी लिहिलेली आहे. तिच्यात एकेक ओळ सोन्याची आहे, उदाहरणार्थ ट्रान्झिशनचा एन किती ठेवायचा, साध्या विंड टनेलला ९, ग्लायडरसाठी १२ ते १४, घाणेरड्या विंड टनेलला ४ ते ८, असा तक्ता दिलाय, पण नवीन मुलाला ती फाईल वाचून सुरुवात करता येणार नाही, शेजारी कोणीतरी बसावं लागतं. मॅक आणि लिनक्सवर ग्राफसाठी एक्स-११ लागतं, ते नसेल तर तिथेच अर्धा दिवस जातो. चुकीची कमांड दिली तर कधी नीट सांगतं, कधी गप्प बसतं.

दुसरं, कन्व्हर्जन्स फेल्ड हा मेसेज, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावलं नाही. मोठ्या अँगलला सरळ उडी मारली की हमखास येतो. हे सॉफ्टवेअर बाहेरचा प्रवाह आणि बाउंडरी लेयर एकदमच सोडवतं, त्याच्यामुळेच ते सेपरेशनच्या पुढे थोडं जाऊ शकतं, नाहीतर जुन्या पद्धतीत बाहेरचं प्रेशर आधी ठरवून मग लेयर काढायला गेलं की सेपरेशनच्या जागी गणित फाटतंच. पण त्याला सुरुवातीचा अंदाज बरा लागतो. उपाय साधा आहे, आयटर (गणित किती वेळा फिरवायचं ती मर्यादा) १०० करून ठेवा, अँगल अर्ध्या अर्ध्या डिग्रीनं वाढवा, आणि अडकलंच तर इनिट देऊन लेयरचा जुना अंदाज पुसून परत सुरू करा. स्टॉलच्या (ज्या अँगलनंतर लिफ्ट कोसळते त्याच्या) पुढे मात्र जाऊ नका, आकडे येतील पण त्यांच्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नसेल, आणि जास्तीत जास्त लिफ्टचा आकडा पण हे जरा उदारपणे देतं हे लक्षात ठेवून विंगचा हिशोब करा.

तिसरं आणि शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ओपर मध्ये बीएल कमांडनं लेयरच्या आतला वेगाचा प्रोफाइल काढून मिळतो, दिसतो पण छान, पण तो बिंदू बिंदूनं सोडवलेला नाही. आत फक्त डेल्टा-स्टार, थीटा आणि ट्रान्झिशनच्या आधी लहरींचा आकडा किंवा नंतर टर्ब्युलन्सचा आकडा एवढंच सोडवलं जातं, कार्मानने १९२१ मध्ये मांडलेल्या संवेगाच्या इंटिग्रल समीकरणाची ही पुढची पिढी आहे, आणि प्रोफाइल नंतर ठरावीक आकारांच्या कुळातून त्या आकड्यांना बसेल असा काढलेला असतो. त्यामुळे तो समजायला वापरा, प्रयोगाच्या डेटाशी ताडून आकडा सिद्ध करायला वापरू नका. मला स्वतःला हे दोष वाटत नाही, उलट दोन-तीन आकड्यांत अख्खी लेयर पकडता येते हेच तर शिकण्यासारखं आहे, पण सांगणं गरजेचं.

सपाट पट्टी याच्यात नीट चालवता येत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. थ्रीडी नाही. आवाजाच्या वेगाजवळचं काही नाही. संपूर्ण विंग हवी असेल तर एक्सएफएलआर५ घ्या, ते पण फुकट आहे, आत याच सॉफ्टवेअरचं गणित आहे, बटणं आहेत, मेनू आहे, दिसायला खूपच बरं आहे. मी तरी सुरुवात मूळ एक्सफॉइलवरच करायला लावते कारण कमांड टाईप करताना आपण काय मागतोय ते माहीत असावं लागतं, बटणं मिळाली की पोरं पोलर (लिफ्ट-ड्रॅगचा ग्राफ) काढून मोकळी होतात, जाडीचा ग्राफ उघडतच नाहीत. मोठं सीएफडी पॅकेज या कामाला आणू नका, सुरुवातीला तरी नाही, सगळा वेळ मेशमध्ये, म्हणजे हवेच्या जागेचे बारीक तुकडे पाडण्यात, जातो आणि भिंतीजवळ मेश पुरेसा बारीक नसला तर जाडीचे आकडे मेशचे असतात, हवेचे नाही.

सॉफ्टवेअर किती भरवशाचं असं कोणी विचारलं तर मी डीडॅलस या विमानाचं नाव घेते. २३ एप्रिल १९८८ ला ग्रीसमध्ये क्रीट बेटावरून सँटोरिनीपर्यंत एक माणूस फक्त पायडल मारत ११५ किलोमीटर उडत गेला, चार तासाला थोडा कमी वेळ. ड्रेला त्या एमआयटीच्या टीममध्ये होते आणि त्या विमानाच्या विंगचे एअरफॉइल याच सॉफ्टवेअरवर डिझाइन झाले. माणसाच्या पायात जेवढी ताकद तेवढ्यात चार तास काढायचे म्हणजे प्रत्येक ग्रॅम ड्रॅगचा हिशोब, आणि ड्रॅगचा हिशोब म्हणजे वेकमधली थीटा. एक्सफॉइल आज पण ड्रॅग तसाच काढतं, मागच्या टोकाच्या पुढे एक कॉर्डपर्यंत वेक घेऊन तिथल्या थीटावरून. नाका ००१२ ला रेनॉल्ड्स १० लाख आणि अल्फा शून्य देऊन बघा, ड्रॅग कोइफिशंट साधारण ०.००५४ येईल, तुमचं इन्स्टॉलेशन नीट झालंय का हे तपासायला हा आकडा चांगला.

थर्ड इयरच्या मास्तरांना एक सुचवते. प्रॅक्टिकलला विंड टनेल असेल तर पिटो ट्यूबनं पट्टीवरचा प्रोफाइल घेताच, तो घ्याच, त्याला पर्याय नाही. फक्त त्याच आठवड्यात एक तास कॉम्प्युटर लॅबमध्ये हे बसवा. आधी वहीतला पट्टीचा हिशोब, मग ००१२ दोन अँगलला, मग टेप लावून आणि टेप काढून. ओपर मध्ये डम्प म्हणून कमांड आहे, तिनं पूर्ण पृष्ठभागावरची डेल्टा-स्टार, थीटा, सीएफ सगळं एका टेक्स्ट फाईलमध्ये येतं, ती एक्सेलमध्ये टाकायची आणि ग्राफ पोरांना स्वतः काढायला लावायचा, स्क्रीनशॉट चालणार नाही असं आधीच सांगायचं. आणि व्हायवाला एकच प्रश्न, ट्रान्झिशनच्या जागी लेयर जाड झाली का पातळ. ज्यानं ग्राफ स्वतः काढलाय तो उलट विचारतो, कुठली जाडी मॅडम?